ऋतू, घर आणि लहान मुले : महाराष्ट्रातील कौटुंबिक जीवनाचा एक इतिहास

इतिहासाच्या अभ्यासक्रमात घराला जागा मिळाली ती बरीच उशिरा. राज्ये, महसूल, लढाया, चळवळी यांच्यामागे दरवर्षी त्याच महिन्यांत तेच करणारे घर उभे असते. पण ते 'तेच ते' करते म्हणूनच त्याला इतिहास नाही, असे समजले गेले. चैत्रात कैरीचे पन्हे, वैशाखात अंगणात पापड, श्रावणात मुलांचे औक्षण, आश्विनात भोंडला, दिवाळीत मातीचा किल्ला, पौषात तिळगूळ आणि बोरे. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत लहान मुलांच्या आनंदाचे वर्ष असे मोजले जाई, आणि काही घरांत अजूनही मोजले जाते. प्रस्तुत पाठात आपण या साध्या आनंदांकडे इतिहासाची साधने म्हणून पाहणार आहोत. काळ साधारणपणे १८७० ते १९७५ असा धरला आहे. महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांना यातील काही नावे अपरिचित वाटतील, पण त्यांच्या प्रांतातही याच जातीचे काही ना काही सापडेलच. जागोजागी तसे निर्देश केले आहेत.

प्रश्न असा आहे : हे आनंद कोणाच्या श्रमातून निर्माण होत, कोणत्या भीतीच्या सावलीत होत, आणि ते सर्वांच्या वाट्याला येत होते का?

साधनांविषयी आधी थोडे बोलले पाहिजे. घरातील रोजच्या जगण्याची दप्तरे नसतात. जात्यावरच्या ओव्या हे एक मोठे साधन आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्यांत बाळ, माहेर, भाऊ, पाऊस आणि पीठ हे विषय सतत येतात. दुसरे साधन म्हणजे स्त्रियांची आत्मकथने : रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून पुढे). तिसरे, पाककृतींची पुस्तके. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. चौथे साधन सर्वांत कोरडे दिसते, ते म्हणजे नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचे अहवाल. ही चार साधने एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. ओवीत बाळ आहे पण आकडा नाही. अहवालात आकडा आहे पण बाळ नाही. पाकपुस्तकात पदार्थ आहे, पण तो करताना मूल कोणी सांभाळले हे लिहिलेले नाही. त्यांना एकत्र बसवणे हेच इथले काम.

वाळवण

उन्हाळ्यातील वाळवण म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, शेवया, सांडगी मिरच्या, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या. मार्च ते मे या काळात, पहिल्या वळवाच्या आधी, हे सर्व उरकावे लागे. याचे कारण सरळ आहे. मोसमी पावसाच्या प्रदेशात चार महिने भाजी दुर्मिळ होते, लाकूड ओले होते, रस्ते बंद होतात. ज्या घराने उन्हात धान्य आणि डाळ वाळवून ठेवली, ते घर आषाढ-श्रावणात बाजारावर अवलंबून राहत नसे. गोव्यात या साठवणीला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून, तरतूद या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची फेस्ते भरतात. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे याच महिन्यांत वर्षाचा 'बाटली मसाला' कुटतात. तमिळ घरांतील वडगम, आंध्रातील आवकाय, पंजाबातील वडी, बंगालमधील बोडी ही सर्व त्याच कुटुंबातील भावंडे. फक्त बंगालमध्ये बोडीचा हंगाम हिवाळ्याचा, कारण तिथे कोरडे ऊन तेव्हा मिळते. पंचांग बदलत नाही, ऊन बदलते.

कुरडईचेच उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, मग तो वाटून त्याचा चीक गाळून घ्यायचा. तो पातेल्यात शिजवताना सतत हाटावे लागते, नाहीतर गुठळ्या होतात. गरम असतानाच तो सोऱ्यात भरून जुन्या लुगड्यावर कुरडया घालायच्या. हे एकटीचे काम नव्हे. त्यामुळे आळीतील चार घरच्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमत. पहाटे चार वाजता चूल पेटे, कारण ऊन चढायच्या आत सर्व घालून व्हायला हवे.

मुलांचा भाग येथे सुरू होतो. वाळवण राखणे, म्हणजे काठी घेऊन कावळे आणि शेळ्या हाकणे, हे मुलांचे काम. मजुरी ठरलेली असे : वाटीभर गरम चीक, त्यात दूध-साखर किंवा तेल-तिखट, आणि पापड लाटताना तेलात बुडवलेली कच्ची लाटी. आत्मकथनांत आणि बोलण्यात लोकांना तळलेल्या पापडापेक्षा ही लाटीच अधिक आठवते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. पापड पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी होता. लाटी मात्र मुलांची होती, त्या दिवसाची होती. मुलाला घरकामात गुंतवण्याची ही रीत शाळेच्या फार आधीची आहे. तिच्यात वाळवण राखण्याचे काम मुलगा-मुलगी दोघांनाही मिळे. लाटण्याचे काम मात्र आठव्या-नवव्या वर्षापासून फक्त मुलीच्या हाती येई. एकाच अंगणात, एकाच दुपारी, मुलाचा खेळ आणि मुलीचे शिक्षण असे वेगळे होत गेलेले दिसते.

'पारंपरिक' हा शब्द वापरताना जरा थांबावे. वाळवणातील बटाटा आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील, पोर्तुगीज संपर्कानंतर इकडे आलेली. साबुदाणा तर त्याहून अलीकडचा. आज उपवासाला चालणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूतील सेलम भागात त्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. म्हणजे आजीच्या हातची म्हणून जी उपवासाची पापडी आपण खातो, ती बहुधा आजीच्या आजीला माहीत नव्हती. परंपरा खोटी आहे असा याचा अर्थ नव्हे. परंपरा नवे जिन्नस किती चटकन आपले करते, एवढेच यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट. वर्षाची बेगमी करायला आधी वर्षाचे धान्य हाती असावे लागते. १८७६-७८ च्या दुष्काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, आणि पुन्हा १९७२ मध्ये महाराष्ट्रातील असंख्य घरांत वाळत घालण्यासारखे काहीच नव्हते. रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणणाऱ्या घराला चांगल्या वर्षातही वाळवण परवडत नसे. त्या घरातील स्त्री दुसऱ्याच्या अंगणात पापड लाटायला जाई, आणि तिची मुले तिथे कावळे हाकत.

जिवती आणि मुलांचे मरण

आषाढ अमावास्येला किंवा श्रावणाच्या आरंभी महाराष्ट्रातील अनेक घरांत देवाजवळ एक कागद चिकटवला जातो. त्यावर चार चित्रे असतात : नृसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि हत्ती व वाघ या वाहनांवरील बुध-बृहस्पती. हा जिवतीचा कागद. श्रावणातील दर शुक्रवारी त्याला आघाडा-दुर्वांची माळ घालतात, पुरणाचा नैवेद्य करतात, आणि घरातील मुलांना पाटावर बसवून, बऱ्याच ठिकाणी पुरणाच्याच दिव्यांनी, ओवाळतात. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकून त्याचे औक्षण करतात. नंतर मुलांना दूध-साखर आणि चणे. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर हा निव्वळ आनंद आहे : गोड खायला, कपाळाला कुंकू, सर्वांचे लक्ष आपल्याकडे.

आईच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. जरा ही महाभारताच्या सभापर्वातील राक्षसी. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे मूल झाले, ते टाकून दिले गेले, आणि जरेने ते दोन तुकडे जोडून जिवंत केले, तोच जरासंध. मेलेल्या अर्भकाला जोडणारी राक्षसी ही मुलांची रक्षक देवता व्हावी, यातच या पूजेचा मूळ विषय सांगितलेला आहे. नृसिंह म्हणजे प्रल्हादाला वाचवणारा, कालियामर्दन म्हणजे डोहातून सुखरूप बाहेर आलेला मुलगा. कागदावरील चित्रांतून संकटातून वाचलेले मूल पुन्हा पुन्हा समोर येते.

या भीतीला आधार होता. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे किंवा अधिक मुले पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. पुढच्या चार वर्षांत देवी, गोवर, हगवण, हिवताप यांनी आणखी काही जात. देवीची साथ बहुतेक वसंतात, म्हणजे फाल्गुन-चैत्र-वैशाखात जोर धरी. पावसाळ्यात गढूळ पाण्याचे आणि डासांचे रोग येत. श्रावण हा बायकांच्या गाण्यांतील सुंदर महिना खरा, पण तान्ह्या मुलाच्या दृष्टीने तो वर्षातील धोक्याच्या महिन्यांपैकी एक होता. मुलांना ओवाळण्याचे इतके दिवस नेमके याच सुमारास यावेत, हा मला योगायोग वाटत नाही. आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा करून मुलांना ओवाळतात, श्रावणात जिवती, श्रावण अमावास्येला पिठोरी. पिठोरीच्या दिवशी आई पक्वान्नाचे ताट मागे धरून 'अतीत कोण?' असे विचारते आणि मूल पाठीमागून आपले नाव सांगते. ताट घ्यायला कोणीतरी हजर आहे, एवढेच त्या प्रश्नातून आईला ऐकायचे असते. आज पिठोरीला 'मातृदिन' म्हणून शुभेच्छा दिल्या जातात. मूल जगावे म्हणून असलेला दिवस आईच्या कौतुकाचा झाला, हा बदल मुले जगू लागल्यानंतरच शक्य होता.

अशा पूजा देशभर आहेत. उत्तर भारतात कार्तिकातील अहोई अष्टमी, बिहार-पूर्वांचल-झारखंडात आश्विनातील जिवितपुत्रिका किंवा जितिया, बंगालमध्ये षष्ठी. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी विचारून ही तुलना करावी. महिना, पदार्थ, आणि कथेत मूल नेमके कशाने मरते किंवा वाचते, या तीन गोष्टी टिपल्या तरी पुष्कळ हाती लागेल.

भीतीच्या आणखी खुणा नावांत आहेत. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे जुन्या मराठी घरांत पुष्कळ आढळतात. आधीची मुले गेल्यावर झालेल्या मुलाला अशी क्षुद्र वस्तूंची नावे देत, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. शाळेच्या हजेरीपटात किंवा मतदारयादीत असे नाव दिसले, की त्यामागे पुष्कळदा एक किंवा अधिक न नोंदलेली बाळे असतात.

हे दुःख जात आणि शिक्षण पाहत नव्हते. मात्र त्याचा भार सर्वांवर सारखाही नव्हता. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या अनुभवातून त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत पदवीधर झाल्या, आणि १८८७ मध्ये स्वतःच क्षयाने गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आपल्या आईवडिलांचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी थोडीच भावंडे जगली. पुढे बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली; एकटे यशवंत वाचले. अशा चरित्रांतील एखादी ओळ वाचून आपण पुढे जातो. घराच्या इतिहासात त्या ओळीवर थांबावे लागते.

लस ही जिवतीची प्रतिस्पर्धी नव्हती, हेही येथे नोंदवावे. १८०२ मध्ये मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली. पुढील दीडशे वर्षांत लस टोचलेली आणि ओवाळलेली मुले एकाच घरात वाढली. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये आढळला. शीतलेची पूजा मात्र चालू राहिली.

बोरन्हाण

पौषात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पाच वर्षांखालील मुलाचे बोरन्हाण करतात. मुलाला काळे झबले घालतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, बत्तासे ओततात. आळीतील मुले ते वेचायला तुटून पडतात. तेलुगू प्रदेशात भोगीच्या दिवशी लहान मुलांवर बोरे, फुले आणि नाणी ओततात; त्याला 'भोगी पळ्ळु' म्हणतात. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकच फळ, एकच आठवडा आणि एकच वयोगट यावा, यावरून दख्खनचा हा ऋतुविधी भाषांच्या सीमा ओलांडणारा आहे असे म्हणता येते.

अलीकडे प्रत्येक संक्रांतीला 'बोरन्हाणामागील शास्त्रीय कारण' सांगणारे संदेश फिरतात : मुलाला ऋतुबदल बाधू नये, त्याने हंगामी फळे खावीत, वगैरे. त्यात चूक असेलच असे नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या विधीला शास्त्राचा आधार देण्याची गरज कोणाला आणि केव्हापासून वाटू लागली? आजीला ती वाटत नव्हती. तिला बोरे सांडलेली आणि पोरे खिदळलेली पुरत होती.

हलव्याचे दागिने मात्र श्रमाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. तीळ किंवा खसखस परातीत घेऊन मंद निखाऱ्यावर चमचा चमचा पाक घालत, हाताने हलवत राहायचे. काटा येईपर्यंत तास न् तास. ते थंडीत पहाटे करतात, कारण हवा कोरडी लागते. बोटे पोळतात. मग तो हलवा दोऱ्यात गुंफून बाळाचा मुकुट, बाजूबंद, हार करायचे, जे मूल अर्ध्या तासात चाटून टाकते.

तिळगुळाच्या गोडीला आणखी एक बाजू आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. त्यांचा ऊस तोडायला बीड, अहमदनगर यांसारख्या दुष्काळी भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची संक्रांत कोपीत, उसाच्या फडाजवळ होते. तान्हे मूल पाचटावर किंवा झोळीत असते आणि आई कोयता चालवत असते. ज्या मुलांच्या आईबापांच्या हातून ही साखर निघते, त्यांच्यावर बोरे ओतायला त्या आठवड्यात बहुधा कोणाला उसंत नसते.

भोंडला

आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात गेला की मुली अंगणात पाटावर हत्तीचे चित्र मांडून फेर धरतात. त्याला कुठे भोंडला, कुठे हादगा म्हणतात; खानदेशात आणि विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर गुलाबाई किंवा भुलाबाई बसवतात. उत्तरेकडील सांझी याच काळातली आणि याच वयाच्या मुलींची. गाणी झाली की खिरापत. डब्यात काय आहे हे ओळखायचे, आणि ओळखता येऊ नये म्हणून घराघरांत चढाओढ.

गाण्यांचा विषय मात्र बव्हंशी सासर. सासू, नणंद, न मिळालेली माहेराची रजा. सात-आठ वर्षांच्या मुली हे का गात होत्या? कारण त्यांतील कित्येकींची लग्ने झालेली असत किंवा वर्षा-दोन वर्षांत व्हायची असत. रमाबाई रानडे यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले, आनंदीबाईंचे नवव्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. या कायद्यांवरील वादांत 'धर्म बुडाला'पासून 'राष्ट्र दुबळे होते'पर्यंत सर्व काही बोलले गेले. भोंडल्याच्या गाण्यांची साक्ष कोणी काढली नाही. वास्तविक ज्या वयाबद्दल वाद चालला होता, त्या वयाच्या मुलींचे म्हणणे दरवर्षी अंगणात जाहीरपणे गायले जात होते. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्ने लांबली, आणि तीच गाणी पोटतिडिकेऐवजी गमतीची झाली. आज शाळांमध्ये भोंडला होतो तेव्हा सासूची ओळ आली की मुली हसतात.

सुट्टी

मे महिन्याची सुट्टी ही मुळात वसाहतकालीन शाळा-न्यायालयांची व्यवस्था. तिने घरच्या वर्षात नवा ऋतूच घातला. पूर्वी लेक माहेरी येई ती नागपंचमीला, दिवाळीला, किंवा खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मुले शाळेत जाऊ लागल्यावर आईचे माहेर मुलांच्या वेळापत्रकाला बांधले गेले. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढे लोहमार्ग घाट चढला, आणि देशावर आजोळ असलेल्या मुंबई-पुण्याच्या मुलांना 'मामाचे गाव' दर उन्हाळ्यात मिळू लागले. कोकणात बोट आणि बैलगाडी होतीच. तिकडची रेल्वे १९९८ ची. आंबा, विहीर, ओटीवर झोपणे हे ज्याला आपण मराठी बालपण म्हणतो, ते रेल्वे, शाळा आणि नोकरदार बाप या तिघांमुळे आकाराला आलेले आहे. साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) या जगाच्या आधीच्या, पालगडच्या गरीब घरातील आहे. ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि ज्या शहरी वाचकांनी ते डोक्यावर घेतले त्यांतील अनेकांचे कोकण तोवर सुट्टीपुरते उरले होते.

गिरणगाव

आता आरोग्य खात्याच्या अहवालाकडे येऊ. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याला छापील चूक वाटते. त्याची चिकित्सा करणे जरूर आहे : गिरणीतील बायका पुष्कळदा बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म रत्नागिरी-साताऱ्यात नोंदला जाई, आणि मूल मुंबईत येऊन मेले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे. म्हणजे भाजक लहान, भाज्य मोठा. ही सूट देऊनही एका खोलीच्या चाळींतील परिस्थिती भयंकरच होती.

दिवसभर साच्यावर उभी राहणारी आई तान्ह्याला कोणाजवळ ठेवणार? शेजारची म्हातारी, थोरली मुलगी, नाहीतर बाळागोळी. अफू असलेली ही गोळी दिली की मूल संध्याकाळपर्यंत झोपून राही. १९२० च्या दशकात गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा हा प्रकार सर्रास चालतो असे आढळले. गोळी देणाऱ्या आईला निर्दय ठरवणे सोपे होते आणि अनेकांनी तसे ठरवलेही. पण रजा नाही, पाळणाघर नाही, आणि एक दिवस चुकला तर जागा गेली, अशा स्थितीत ती गोळी हेच तिचे पाळणाघर होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि स्त्रीला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. संपूर्ण देशासाठी तसा कायदा १९६१ मध्ये आला.

घरातील ऋतूंच्या इतिहासात हा कायदा कशाला, असे कोणी विचारील. श्रावण शुक्रवारी मुलाला पाटावर बसवून ओवाळायचे तर आई दिवसाउजेडी घरी असावी लागते. सणाचा आनंद हा वेळेचा प्रश्न आहे, आणि वेळ कोणाला मिळतो हे गिरणीच्या भोंग्याने ठरत होते. गिरणगावातील कुटुंबांनी म्हणूनच आपले वर्ष दोन टोकांना बांधले : शिमगा आणि गणपती. बाकीचे महिने भोंग्याचे, हे पंधरवडे गावाचे.

मुस्लिम घरांतील मुलांचा अनुभव याहून वेगळा असे, कारण हिजरी वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान आणि ईद ऋतूंतून फिरत राहतात. एका मुलाची शिरखुर्म्याची पहिली आठवण पावसाची असेल, तर दहा-बारा वर्षांनी धाकट्या भावंडाची उन्हाळ्याची. शेवया मात्र त्याही घरांत उन्हात वाळवलेल्याच.

घराबाहेर पडलेले वर्ष

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. वाळवणाच्या इतिहासात ही तारीख मोठी आहे. आळीतल्या चौघींनी जमून लाटण्याची जुनी रीत तीच राहिली, पण आता लाटणारीला मजुरी मिळू लागली आणि खाणाऱ्या घराला गच्ची लागेनाशी झाली. घरच्या वाळवणावर मात्र त्याचा परिणाम झाला. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि खूप खपले. त्यातील वाटी-चमच्यांची मापे पाहिली की कळते, सासू किंवा आई शेजारी उभी नसलेल्या तरुण गृहिणीसाठी हे लिहिले आहे.

मुलांचे खेळ आणि गाणीही घराबाहेर आली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाने, बिया, शंख-शिंपले, हंगामी फळे हेच तिथले शिक्षणसाहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. लस, वजन, पूरक आहार आणि बडबडगीते एका खोलीत आली.

भारतातील अर्भकमृत्युदर १९७१ मध्ये हजारी १२९ होता; २०२० मध्ये तो २८ नोंदला गेला, महाराष्ट्रात १६. जिवतीचा कागद आजही श्रावणापूर्वी फुलवाल्यांकडे आणि पूजासाहित्याच्या दुकानांत काही रुपयांना मिळतो. ज्या घरांत तो लावला जातो तेथे ओवाळायला आता एखाददुसरेच मूल असते. कागदावर जरा-जिवंतिकांभोवती मात्र पाळण्यातली, मांडीवरची, पायाशी खेळणारी अशी पुष्कळ मुले अजून छापली जातात.